मुक्ता, निखिलची फी आणि आपला स्कॉटलंड

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या मावसभावाच्या, निखिलच्या विद्यापीठाच्या फीचा विषय निघाला आणि तू चिडलीस. आई शेजारी बसली होती, मावशीचं मन दुखावेल म्हणून तिचा जीव वरखाली होत होता, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. पण विषय सोडून देण्यासारखा नाही. शांतपणे लिहितो, तूही शांतपणे वाच.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय. स्कॉटलंडनं फी घ्यायची नाही असं ठरवलं, इंग्लंडनं घ्यायची असं ठरवलं, तेव्हा इंग्लंडच्या मुलांनी जाब विचारायचा तो आपल्या सरकारला. स्कॉटलंड ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावा म्हणणाऱ्या ज्या मंडळींबरोबर तू जातेस तीही असंच मांडत असणार. यातलं पुष्कळसं मला पटतं. पटत नाही तो 'हे आमचं आहे, तुमचं नाही' हा सूर, आणि तो निखिलला तोंडावर ऐकवणं तर मुळीच पटत नाही.

1998 मध्ये लंडनच्या सरकारनं साऱ्या देशात वर्षाला 1,000 पौंड फी सुरू केली. दुसऱ्याच वर्षी एडिंबराला स्कॉटलंडची स्वतःची संसद बसली आणि पहिल्याच आघाडी सरकारपुढे हा प्रश्न आला. 2000 मध्ये फी गेली. तिच्या जागी पदवीनंतर भरायची साधारण दोन हजार पौंडांची रक्कम आली, आणि 2008 मध्ये स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, ॲलेक्स सॅमंड यांच्या सरकारनं तीही काढून टाकली. तिकडे इंग्लंडात 2006 ला 3,000, 2012 ला 9,000 आणि 2025 ला 9,535. सूर्याच्या उन्हानं खडक वितळतील, पण स्कॉटिश विद्यार्थ्यांवर फी लादू देणार नाही, असं सॅमंड 2011 मध्ये म्हणाले होते. तुम्ही मुलं ते वाक्य अजून मिरवता, आणि मिरवावं असंच ते आहे. गरिबाच्या पोराला कर्जाच्या धाकानं विद्यापीठाच्या दारातून परत फिरावं लागू नये, यावर माझी श्रद्धा आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांची हुशार मुलं दहावीनंतर शिक्षण सोडताना मी पाहिली आहेत. म्हणून फीमाफीच्या विरुद्ध बोलायला मी हे पत्र लिहीत नाही.

प्रश्न आहे तो माफी कोणाला, याचा. सॅसचा, म्हणजे विद्यार्थ्यांची फी भरणाऱ्या स्कॉटलंडच्या सरकारी संस्थेचा, अर्ज आपण दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला, ते आठवून बघ. तुझा जन्म कुठला हे त्यांनी विचारलं, पण त्यावर काही अवलंबून नव्हतं. आजोबा कोण, घरात कोणती भाषा बोलता, स्कॉटलंडवर प्रेम आहे का, यातलं काहीही नव्हतं. त्यांना पाहिजे होतं ते एवढंच: 1 ऑगस्टला तू स्कॉटलंडमध्ये राहत होतीस का, त्याआधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये होतीस का, आणि इथं आलीस ती निव्वळ शिकण्यासाठी तर नव्हे ना. आपण ॲबरडीनच्या घराचा पत्ता लिहिला आणि तुझी फी विद्यापीठाकडे परस्पर भरली गेली.

तू जन्मलीस कोल्हापुरात. निखिल जन्मला डंडीत, तिथल्या सरकारी इस्पितळात, मावशी तिथंच नोकरीला होती तेव्हा. त्याचं बोलणं आठ वर्षांचा होईपर्यंत असं अस्सल डंडीचं होतं की आपल्याला दोनदा विचारावं लागायचं. मग मावशीची बदली झाली आणि ते लीड्सला गेले. आज तुम्ही दोघं एडिंबराच्या एकाच विद्यापीठात, मेडोज या मैदानातल्या एकाच पायवाटेनं वर्गाला जाता. तुझी फी शून्य. त्याची 2025 च्या दरानं वर्षाला 9,535, आणि स्कॉटलंडची पदवी चार वर्षांची, म्हणजे सगळी मिळून 38 हजार पौंडांच्या वर. मग सांग, तुमच्यात 'स्कॉटिश' कोण?

नियमात खोट आहे असं मी म्हणत नाही. उलट, जन्म आणि रक्त न बघता राहणं बघणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या 2014 च्या सार्वमतातही तेच तत्त्व होतं. 18 सप्टेंबरला तुझ्या प्राथमिक शाळेतल्या मतदान केंद्रावर मी भारताचा पासपोर्ट असलेला माणूस मत द्यायला गेलो होतो. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक, युरोपीय संघातले नागरिक, सोळा वर्षांची मुलं, इथं राहणारे हे सगळे स्कॉटलंडचं भवितव्य ठरवायला पात्र होते. आणि इंग्लंडला राहणाऱ्या, इथंच जन्मलेल्या लाखो स्कॉटिश माणसांना मत नव्हतं. तुझ्या पक्षाचे लोक ज्याला नागरी राष्ट्रवाद म्हणतात तो हाच. त्याच्या जोरावर तुझ्यासारखी मुलगी मोर्चात निळा झेंडा धरून चालू शकते आणि कुणी तिला तू कुठली म्हणून विचारत नाही. त्याच राष्ट्रवादाच्या नावानं 'इंग्लिश लोकांना काय फुकट द्यायचं' असं म्हटलं गेलं की मला धस्स होतं. राहण्यावर बेतलेला नियम बघता बघता जातीकुळाचा होतो, आणि तसं झालं तर पहिला फटका आपल्यासारख्यांनाच बसेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तुला निपाणी सुट्टीपुरती ठाऊक आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि 'बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आमच्या आधीच्या पिढीनं घसा फुटेस्तोवर दिली. महाजन आयोग येऊन गेला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, 865 गावं अजून तशीच. महाराष्ट्रानं या गावांतल्या मुलांसाठी प्रवेशाची एक वाट ठेवली आहे. तुझ्या चुलतभावाचा, रोहनदादाचा अभियांत्रिकीचा प्रवेश त्याच वाटेनं झाला. महाराष्ट्राच्या प्रवेश अर्जात उमेदवारांचे प्रकार असतात. महाराष्ट्रात दहावी-बारावी झालेले आणि तिथले अधिवासी ते 'ए', आणि वादग्रस्त सीमाभागातले ते 'ई'. रोहननं दोन प्रमाणपत्रं जोडली: एक सीमाभागातला असल्याचं, दुसरं मातृभाषा मराठी असल्याचं.

ते दुसरं प्रमाणपत्र नीट लक्षात घे. रोहनच्या वर्गात, त्याच बाकावर एक कानडी घरातला मुलगा होता. गाव तेच, शाळा तीच, बापाची परिस्थिती रोहनच्या बापाहून बेताची. महाराष्ट्राची ही वाट त्याला बंद होती. त्याला कर्नाटकात जागा होत्या हे खरं, आणि सीमाभागातल्या मराठी मुलाला तिकडे काय सोसावं लागतं हेही खरं. 'ई' प्रकार नसता तर रोहनसारख्या कित्येकांची शिक्षणं राहिली असती, म्हणून त्याबद्दल मी महाराष्ट्राचा ऋणी आहे. तरीही दोन नियम समोरासमोर ठेवले की मला स्कॉटलंडचा उजवा वाटतो. तो माणसाला तू कुठं राहतोस एवढंच विचारतो. राहण्याची जागा बदलता येते, मातृभाषा बदलता येत नाही.

हा नियमही आपोआप उदार झालेला नाही बरं. ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना नसलेल्या घरातल्या मुलांसाठी पूर्वी फार कडक अटी होत्या. अठराच्या आतल्या मुलाला सात वर्षं, त्यापुढच्याला निम्मं आयुष्य या देशात काढलेलं असावं लागे. 2022 मध्ये एका विद्यार्थिनीनं थेट एडिंबराच्या न्यायालयात हे आव्हान दिलं आणि ती जिंकली. त्यानंतर नियम बदलून तीन वर्षांवर आला. आपल्या मंडळातली कामाच्या व्हिसावर आलेली नागपूर-नाशिकची कुटुंबं आहेत ना, त्यांच्या मुलांना त्याचा थेट उपयोग आहे. स्वतःच्या सरकारला कोर्टात खेचून 'आपले' या वर्तुळाचा घेर वाढवणारी ती मुलगी मला मोर्चातल्या दहा भाषणांपेक्षा मोठी वाटते.

आता पैशाचं. फीमाफीचा खर्च स्कॉटलंडचं सरकार करतं, म्हणून त्या जागांवर मर्यादा असते. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीला चांगले गुण असून हव्या त्या विषयाला जागा मिळाली नाही, त्याच विषयाला इंग्लंडची फी भरणारी मुलं गेली. तेव्हा तिची आई माझ्याशी किती पोटतिडकीनं बोलली होती! सरकार दर विद्यार्थ्यामागे देतं ती रक्कम शिकवण्याच्या खर्चाला पुरत नाही, आणि ती तूट विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढतात. पुण्याहून एमएससीला आलेली मुलं आपल्या गणपतीला येतात, त्यांच्या वडिलांनी बँकेचं कर्ज काढून भरलेला पैसा त्यात आहे. तो ओघ आटला की काय होतं तेही आपण बघतोय: डंडी विद्यापीठाची 3.5 कोटी पौंडांची तूट, तुझ्याच विद्यापीठानं 2025 मध्ये जाहीर केलेली 14 कोटींची काटकसर. तुझी शून्य फी कोणीतरी भरतंय, आणि भरणाऱ्यांत निखिलही आहे. त्याला हिणवायचा हक्क तुला कसा पोचतो?

आणि एक गोष्ट तुझ्या मंडळींना जरूर विचार. 2012 नंतर कित्येक वर्षं वॉर्सा आणि अथेन्सच्या मुलांना स्कॉटलंडमध्ये फी नव्हती आणि न्यूकॅसलच्या मुलाला 9,000 होती. युरोपीय संघाच्या कायद्यानं दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाशी भेदभाव करता येत नसे, पण एकाच देशातल्या एका भागाला दुसऱ्याशी तो करता येई. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये स्वातंत्र्याची श्वेतपत्रिका निघाली, तेव्हा मी ती रात्री जागून वाचली होती. स्वतंत्र होऊन युरोपात राहिलो तर इंग्लंड हा दुसरा सदस्य देश झाला असता, म्हणजे त्याच्या मुलांनाही फी माफ करावी लागली असती. तरीही त्यांच्याकडून फी घेत राहू असं त्या पत्रिकेत होतं, आणि युरोपीय कायद्याच्या जाणकारांनी ते टिकणार नाही असं सांगितलं होतं. ब्रेक्झिटनंतर 2021 पासून नव्या युरोपीय मुलांनाही परदेशी फी लागली. पण तुमचा पक्ष पुन्हा युरोपात जायचं म्हणतो, मग निखिलसारख्यांचं काय करणार? उत्तर तयार नसेल तर ते तयार करणं हे तुझ्यासारख्या मुलांचं काम आहे. तू त्यांच्यात राहून हे विचारलंस तर ते ऐकतील, बाहेरच्यानं विचारलं तर टीका समजतील.

माझं मत विचारशील तर: शाळेची निदान काही वर्षं ज्यांनी स्कॉटलंडमध्ये काढली, त्यांना पुढे आईबापांच्या नोकरीपायी इंग्लंडात जावं लागलं तरी माफीत धरावं. खर्च वाढेल, जागांचा प्रश्न आणखी अवघड होईल, हे मला दिसतं. तरी मागणी न्यायाची आहे, आणि ती इंग्लंडमधून आलेल्या मुलांनी करण्याऐवजी फी न भरणाऱ्या तुम्ही केलीत तर तिला वजन येईल.

निखिलला या आठवड्यात भेट. माफी मागायची का ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. पण तुमच्या पुढच्या सभेला त्याला घेऊन जा आणि त्याला बोलू दे. डंडीच्या बोलीत बोलला तर अधिकच बरं.

सॅसचा पुढच्या वर्षीचा अर्ज 30 जूनच्या आत भर, दर वर्षी नव्यानं भरावा लागतो हे विसरू नकोस. आईनं भाकरीचं पीठ आणि चटणी दिली आहे, शनिवारी काका एडिंबराला येतायत त्यांच्याकडून घे.

तुझा,
बाबा