आई, मी खणत नाही, वाचतेय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत. ऑफिस, घर, बस हे सगळं फोनवर होतंच, ते इथे पुन्हा उगाळत नाही. पत्राला कारण आई, तुझं परवाचं बोलणं. ‘एवढी शिकलीस, एवढ्या लांब गेलीस, आणि अजून त्या खजिन्याच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्याच वाचतेस?’ तेव्हा मी हसून विषय बदलला. तुझा आवाज ऐकला की मला भांडता येत नाही. कागदावर जमेल असं वाटतंय.

हो, वाचते. रात्री घरात बोलायला कुणी नसतं म्हणून वाचते असं मनात आणू नकोस, मला त्या मनापासून आवडतात. पैसेही उडवत नाही, लायब्ररीतून आणते आणि लायब्ररीचं कार्ड इथे इंग्लंडात फुकट असतं.

तुला वाटतं त्यांत नुसतं सोनं आणि गळ्यात गळे. पण चांगल्या कादंबरीत कितीतरी पानं सोन्याचं दर्शनच होत नाही. आधी एक कागद येतो. फाटका नकाशा, नाहीतर कुणा मेलेल्या खलाशाचं पत्र. त्याचा एक तुकडा तिच्याकडे, दुसरा त्याच्याकडे. तिला जुनी लिपी वाचता येते, त्याला होडी हाकता येते. एकट्याने निघाले तर दोघंही वाटेतच बुडतील, म्हणून नाइलाजाने बरोबर निघतात. समोरचा काहीतरी लपवतोय हे दोघांनाही माहीत असतं. नकाशावरची खूण तिला उलगडते, पण ती गप्प बसते, आणि इकडे माझा जीव टांगणीला लागतो. त्या क्षणी खजिन्याचं मला काही पडलेलं नसतं. ती त्याला कधी सांगणार, एवढंच हवं असतं.

नुसत्या प्रेमकथेत माणसं बोलून दाखवतात, पानंच्या पानं बोलतात. इथे बोलायला वेळ नसतो. गुहेत पाणी चढत असतं आणि दोर एकच असतो. तो कोण धरतं, आणि धरलेला सोडतं का, यावरून माणूस कळतो. मला वाटतं प्रेम लिहायची याहून प्रामाणिक रीत क्वचितच असेल. सगळ्याच तशा नसतात, हे मान्य. काहींत दारं आपोआप उघडतात, नायिकेला किंचाळण्यापलीकडे काम नसतं. त्या मी अर्ध्यातच परत करते. आणि एक खटकतंच. पुष्कळदा शेवटी समुद्र सगळं सोनं गिळून टाकतो, म्हणजे ते मुळात कुणाकडून लुटलेलं होतं आणि आता कुणाला द्यायचं, याचं उत्तर लेखकाला द्यावं लागत नाही. तो प्रश्न ज्या कादंबरीत दोघांमध्ये येऊन बसतो, त्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण होतं, ती मला सगळ्यांत आवडते.

आणि हे सगळं कल्पनेतलं म्हणशील तर अमेरिकेतल्या फिशर कुटुंबाचं ऐक. 1622 साली फ्लोरिडाजवळ ‘आतोचा’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात बुडालं. मेल फिशर आणि त्याची बायको डोलोरेस यांनी ते 1969 पासून शोधायला घेतलं. 1975 च्या जुलैत त्यांच्या मुलाला, डर्कला, जहाजाच्या तोफा सापडल्या, आणि काही दिवसांतच रात्री बोट उलटून डर्क, त्याची बायको एंजल आणि एक पाणबुड्या गेले. आईबापांनी शोध सोडला नाही. मुलगा-सून गेले त्याच तारखेला, दहा वर्षांनी, 20 जुलै 1985 ला खजिन्याचा मुख्य ढीग सापडला. सगळे मेलचं नाव घेतात, मला मात्र डोलोरेस आठवत राहते. त्याच पाण्यावर पुन्हा बोट पाठवायला काय काळीज लागलं असेल? एकाच्या वेडापायी घरच्यांना काय काय सोसावं लागतं! असो.

आता इथली एक गोष्ट नीट सांगते, कारण मला ती अजून पचलेली नाही. इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी, भर पावसातसुद्धा, नांगरलेल्या शेतांतून माणसं हेडफोन लावून, हातात धातू शोधायचं यंत्र घेऊन तासन्‌तास फिरतात. चांगली नोकरीधंद्याची माणसं. आधी शेतमालकाची परवानगी घ्यायची. मग यंत्र वाजलं की गुडघे टेकून वीतभर खड्डा करायचा, बटण नाहीतर बाटलीचं बूच निघतं ते खिशात टाकायचं, खड्डा बुजवायचा, आणि पुढे. इथपर्यंत मी समजू शकते. पण खरंच सोनं निघालं तर? तर 14 दिवसांच्या आत कॉरोनरला कळवायचं. आई, कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी! मला वाटलं आपलीच ऐकण्यात गफलत झाली. पण आहे तसंच. हे पद 1194 पासूनचं, राजाच्या हक्काचं काही बुडू नये म्हणून निर्माण केलेलं, आणि सापडलेला खजिना राजाचा. म्हणून आजही तोच अधिकारी प्रेताचीही चौकशी करतो आणि सोन्याचीही. 1996 च्या कायद्याप्रमाणे 300 वर्षांहून जुनी आणि निदान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू म्हणजे खजिना. एखादं सुटं नाणं सहसा त्यात धरत नाहीत, पण एकाच ठिकाणी तशी दोन सापडली की झाला खजिना. न कळवणं गुन्हा. संग्रहालयाला वस्तू हवी असली तर एक समिती तिची किंमत सुचवते आणि ते पैसे साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जातात.

आणि लोक कळवतात! 1992 साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉज नावाचा त्याचा ओळखीचा माणूस यंत्र घेऊन गेला, आणि त्याला रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. थोडं वर काढल्यावर त्याने हात आवरला आणि तज्ज्ञांना बोलावू दिलं. म्हणूनच खाली पेटीत काय कसं रचलेलं होतं ते समजलं. 14,000 हून जास्त नाणी, दागिने, चमचे. त्यात सोन्याची एक बांगडी आहे, जुलियाना नावाच्या बाईला ‘सुखाने वापर’ असं सांगणारी अक्षरं तिच्यावर जाळीसारखी कोरलेली. कुणी दिली असेल तिला? परत न्यायला कुणीच का आलं नाही? मी आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्या त्या एका बांगडीत मावतील. लॉजला 17.5 लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई या नादातली आहे. तिने मला एक नाणं हातावर दिलं, हेन्री तिसऱ्याच्या काळातलं, चांदीचं, आणि बरोबर मधोमध कापलेलं. 1247 नंतर नाण्यांच्या मागे थेट कडेपर्यंत जाणारा क्रूस काढत. अर्धा पेनी हवा असला की त्या रेघेवरून नाणं कातरायचं. नखाएवढा तुकडा, वजन जाणवतही नाही, गोल बाजू झिजून गुळगुळीत आणि कापलेली कड अजून सरळ. दुसरा अर्धा कुठे गेला असेल, हे विचारल्यावर ती म्हणाली, ‘म्हणून तर फिरते.’ मला तिचा फार हेवा वाटला.

आई, लगेच घाबरू नकोस. मी यंत्र घेतलेलं नाही, कुणाच्या शेतात पाऊल ठेवलेलं नाही. ती बोलावते, अजून गेलेली नाही. गुप्तधन म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर मांत्रिक आणि पायाळू पोरं येतात हे मला माहीत आहे, आणि तुझं चूक नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार झाले म्हणून तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला. पण इथे तसलं काही नाही. बाबा, तुम्ही तहसील कचेरीत होतात. 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, हा आपला 1878 चा कायदा तुम्हीच मला सांगितला होतात, मी पुस्तक छातीशी धरून ऐकत होते. तेव्हा हे वेड मी इंग्लंडात उचललेलं नाही, घरूनच आणलंय.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. ‘काही अडलं नाही’ असं तुम्ही म्हणालात, दादा-वहिनी होते म्हणून निभावलं, सगळं खरं. तरी त्या दिवशी मी कामात नव्हते, नुसती फोनकडे बघत होते. डॉक्टर म्हणतील तोवर वाचू नका. मी एक कादंबरी मराठीत सांगून रेकॉर्ड करतेय, जहाजाचीच आहे, रोज एक प्रकरण वहिनीच्या फोनवर येईल. आईलाही ऐकू दे, मग बोलू.

पैसे पाठवलेत, आज-उद्या जमा होतील. दुसऱ्या डोळ्याचं त्यातून करा, ते माझ्या नावाने ठेवीत टाकू नकोस आई, तू टाकशील म्हणून सांगतेय. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते वेळच्या वेळी जातायत, माझं इथे काही अडत नाही. सुट्टी मात्र आत्ता मिळत नाही. मागितली आहे, पुन्हा मागेन.

आणि मावशीने सुचवलेल्या त्या मुलाशी बोलले. तू दहादा विचारशील म्हणून आधीच सांगते. वडिलांच्या धंद्याचं कर्ज त्याच्यावर आहे आणि अजून काही वर्षं फेडायचंय, हे त्याने मी न विचारता, अगदी सुरुवातीला सांगितलं. मावशीला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे लपवणं त्याला सहज जमलं असतं. आपल्या हातातला अर्धा नकाशा त्याने आधी उघडून ठेवला, मग मीही माझं सांगितलं, की अजून तीनेक वर्षं तरी परत यायचा विचार नाही. तुम्हाला हे मी असं कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. रागावू नका. त्याच्याशी बोलणं चालू ठेवणार आहे, होकार समजू नका आणि मावशीला तर मुळीच काही कळवू नका. कर्जावरून तुम्हाला काही विचारायचं असेल तर बाबांनी थेट त्याच्याशी बोलावं, नंबर दादाकडे दिलाय.

बाबांचे थेंब वेळेवर घाला. दादा-वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुमची,
धाकटी