जुनं वायफाय कार्ड फेकायच्या आधी कर्नलचा लॉग वाचा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून "जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, लिनक्स टाका" अशा अर्थाचे लेख सगळीकडे येताहेत, आणि ते यायलाच हवेत. पण त्यातल्या जवळजवळ सगळ्या लेखांत शेवटी "इन्स्टॉल करा, झालं" असं लिहून मोकळं होतात, आणि खरी अडचण सुरू होते ती तिथूनच, कारण दहा-पंधरा वर्षं जुन्या मशीनवर स्क्रीन लागते, आवाज येतो, कीबोर्ड चालतो आणि वायफायची यादी मात्र रिकामी. मग माणूस म्हणतो कार्ड गेलं. बऱ्याच वेळा ते गेलेलं नसतं हो, आणि हे सांगायलाच हे पत्र लिहितोय.

पहिलं काम म्हणजे कार्डावर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय ते विसरा आणि आतली चिप कुठली ते बघा. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या चिपा घालून विकायच्या, त्यामुळे डब्यावरच्या नावावरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, शोधला की हमखास चुकतो. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) कमांड -nn जोडून चालवली की कार्डाचा आयडी मिळतो, कोलनच्या आधीचा भाग चिप बनवणाऱ्याचा आणि नंतरचा चिपचा. १४ई४:४३१५ दिसलं तर ती ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२, ८०८६:४२२२ दिसलं तर इंटेलची ३९४५एबीजी. हा आयडी हातात आला की अर्धी लढाई जिंकली. कार्ड बाहेरून खोचायचं कार्डबसवालं असेल आणि यादीत दिसतच नसेल तर आधी येंटा नावाचं मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारा ड्रायव्हर) चालू आहे का बघा, कारण सॉकेटचाच ड्रायव्हर नसेल तर त्यापलीकडचं कार्ड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसणार कसं.

आता मुद्द्याची गोष्ट, फर्मवेअर. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण पुष्कळ वायफाय चिपांच्या आत त्यांचा स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा नसतो, प्रत्येक वेळी मशीन चालू झालं की ड्रायव्हरने तो डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरायचा असतो. ती फाइल सापडली नाही की ड्रायव्हर गप्प बसतो आणि स्क्रीनवर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. कळतं ते फक्त लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत. कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर डीमेसेज (dmesg) कमांड चालवून त्याच्या बी४३ ड्रायव्हरची ओळ शोधा, तिथे सरळ लिहिलेलं असतं की यूकोड५ सारख्या नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, आणि खालच्या ओळीत ती कुठून घ्यायची त्याचा पत्ता सुद्धा दिलेला असतो! इतकं स्पष्ट उत्तर मशीनच देतंय आणि लोक कार्ड बदलायला निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ही फाइल सिस्टिमसोबत आधीच का येत नाही, तर ब्रॉडकॉमने या जुन्या चिपांचं फर्मवेअर इतरांना वाटायची परवानगी दिलेली नाही. ड्रायव्हर सुद्धा कंपनीने दिला नव्हता, काही लोकांनी कंपनीचा बंद (कोड उघड न केलेला) ड्रायव्हर उलगडून, चिप कशी वागते ते टिपून लिहिला, तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला आणि २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये त्याच्या जागी बी४३ आणि बी४३लेगसी आले. फर्मवेअर काढायला बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं छोटं टूल आहे, ते कंपनीच्या ड्रायव्हरच्या फाइलमधून हवा तेवढा भाग कापून काढतं. डेबियन या लिनक्स सिस्टिमने २०२३ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअरही इन्स्टॉलरसोबत द्यायला सुरुवात केली, चांगलंच झालं, पण हे नाही, कारण वाटायचीच परवानगी नाही. त्याचं जे पॅकेज आहे ते नेटवरून फाइल उतरवतं, म्हणजे नेट चालू करायला आधी नेट पाहिजे. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, तेवढ्यापुरतं नेट मिळतं आणि काम होतं. लॅन केबल असेल तर तीच लावा.

सगळ्याच कार्डांना हा त्रास नाही हेही लिहायला पाहिजे. अथेरॉसच्या जुन्या चिपांना, ज्या एटीएच५के ड्रायव्हरवर चालतात, फर्मवेअरची फाइल लागतच नाही, रियलटेकच्या ८१८७ वाल्या यूएसबी कार्डांना पण नाही. अथेरॉससाठी आधी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता त्यात मधला एक तुकडा बंद कोडचा होता, २००८ मध्ये एटीएच५के मुख्य कर्नलमध्ये आला आणि तेव्हापासून ते कार्ड लावलं की चालतं. कुणी जुनं कार्ड बदलायलाच निघालं असेल तर माझं मत विचाराल तर अथेरॉसच घ्या.

ज्यांना कर्नल स्वतः कंपाइल करायचं (कोडमधून बनवायचं) असतं, आणि जुन्या मशीनवर ते करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण इथे फार लोक अडकतात. मेन्यूकॉन्फिग या निवडीच्या यादीत ड्रायव्हरसमोर वाय किंवा एम निवडता येतं, वाय म्हणजे कर्नलच्या आतच, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल. लोकांना वाटतं आतच घेतलं की पक्कं. पण आतला ड्रायव्हर कर्नल उठल्या उठल्या फर्मवेअर मागतो, तेव्हा डिस्कवरची मुख्य फाइलसिस्टिम माउंटच झालेली (जोडलेलीच) नसते, फाइल असून नसल्यासारखी, आणि कार्ड तिथेच अडकतं. म्हणून वायफायला एम द्या, सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ या वायफायच्या सामायिक मॉड्यूलांसकट, नाहीतर फर्मवेअरची फाइल कर्नलमध्येच घालायची सोय आहे ती वापरा. बी४३ साठी एसएसबीचा ड्रायव्हर पण लागतो, कारण चिप त्या नावाच्या आतल्या बसवर (जोडणीवर) बसलेली असते. इंटेलची ३९४५ शोधताना नवीन आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरमध्ये शोधू नका, ती आयडब्ल्यूएललेगसीखाली आहे. आणि लोकलमॉडकॉन्फिग वापरणाऱ्यांनो, ती कमांड त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल ठेवते, बाकीची उडवते, कार्ड काढून ठेवलेलं असेल तर त्याचा ड्रायव्हर नवीन कर्नलमध्ये नसेलच.

दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात हा पण नेहमीचा घोळ. ब्रॉडकॉमचा बंद डब्ल्यूएल ड्रायव्हर लावला असेल तर बी४३ आणि एसएसबी ब्लॅकलिस्ट करावे लागतात, म्हणजे लोडच होऊ द्यायचे नाहीत, आणि बी४३ हवा असेल तर उलट. चालत असेल तर मी बी४३ कडेच राहा म्हणेन, कारण डब्ल्यूएल कर्नल अपडेट झालं की मोडतो आणि दुरुस्त करायला कुणी बांधील नाही.

सुरक्षेचं काय, असं कुणी विचारेल. अगदी जुनी ८०२.११बी ची कार्डं डब्ल्यूईपी या जुन्या वायफाय एन्क्रिप्शनच्या काळातली, आणि डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलं, ती खरंच ठेवून द्यावीत. मार्च २०२४ मध्ये कर्नल ६.८ आलं त्यातून ऑरिनोको, होस्टएपी असे त्या काळातले ड्रायव्हर काढून टाकले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ५४ एमबीपीएसवाली जी कार्डं आहेत ती त्यानंतरच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेवर व्यवस्थित चालतात, आणि बी४३ मध्ये तर २०२० साली लॅरी फिंगर यांनी छोटासा बदल करून डब्ल्यूपीए३ सुद्धा चालू करून दिलं, कार्डाला न जमणारं एन्क्रिप्शन प्रोसेसरवर करून. चिप बाजारातून कधीच गेलेली आणि तरी एक माणूस तिच्यासाठी बसून कोड लिहितोय! जून २०२४ मध्ये ते गेले. त्यांची बातमी मराठीत कुठे वाचल्याचं आठवत नाही.

आणि म्हणूनच माझी काळजी वेगळी आहे. ड्रायव्हर काढताना कर्नलवाले मुख्यतः एवढंच बघतात की हा अजून कुणी वापरतं का आणि सांभाळायला कुणी आहे का. वापरणारे आपण, पण आपण कधी काही कळवतच नाही, चाललं तर गप्प, नाही चाललं तर कार्ड कचऱ्यात. नवीन कर्नलवर जुनं कार्ड बंद पडलं तर कुठल्या आवृत्तीपर्यंत चालत होतं, कार्डाचा आयडी काय, लॉगमध्ये कुठली ओळ येते, एवढं तीन ओळींचं लिहून वायरलेसच्या मेलिंग लिस्टवर पाठवायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही.

तेव्हा आपल्याला विनंती की पुढच्या वेळी जुन्या लॅपटॉपवर लेख छापाल तेव्हा त्यात एक छोटी चौकट या विषयाची टाका, चिपचा आयडी कसा बघायचा, लॉग कसा वाचायचा आणि फर्मवेअर मोबाईलच्या नेटवरून कसं घ्यायचं. जागा कमी असेल तर निदान लॉगचं तरी टाकाच.

आपला,
एक नियमित वाचक