कंपनीने इंजिन बदलले तर मॉडेल, मेस्त्रीने बदलले तर छेडछाड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या मेळाव्याचा वृत्तान्त वाचला. फोटो झकास होते. एक वाक्य मात्र खटकले. एका जीपबद्दल लिहिले आहे, 'दुर्दैवाने हिचे इंजिन मूळचे नाही.' त्या 'दुर्दैवाने'साठी हा पत्रप्रपंच. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर उभा होतो. त्यातली पंधराएक वर्षे एका गाडीच्या पोटात दुसरीचे इंजिन बसवायला लागणाऱ्या प्लेटा आणि बुश, म्हणजे शाफ्टला फिरायला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या, करण्यात गेली. तेव्हा या प्रकरणात माझेही हात काळे आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या मामांची 1968 सालची विलीज या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची, महिंद्राने बनवलेली सीजे-3बी जीप आहे. मूळ इंजिन हरिकेन, 2199 सीसी, पेट्रोलवरचे. बांधावरून, उसाच्या सरीतून, पंचगंगेच्या पुरातून कुठूनही निघायची. खायचीही तशीच. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर असे चढले की मामा शिरोळहून कोल्हापूरला यायचे ते एसटीने, आणि जीप गोठ्याशेजारी उभी. डिझेलचा दर तेव्हा पेट्रोलच्या कितीतरी खाली होता. पेट्रोलची जीप विकायला काढली तर गिऱ्हाईक हसायचे. शेवटी 1981 मध्ये मामांनी ठरवले की गाडी ठेवायची आणि इंजिन काढायचे.

बसवायचे कोणते, याचे उत्तर तालुक्यातच पडले होते. इंटरनॅशनलच्या बी-275 ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन, 2350 सीसी. आमच्या भागात त्याचे सुटे भाग गावोगावी मिळत, आणि त्यावर हात बसलेला मेस्त्री प्रत्येक बाजारपेठेत असे. अडचण पुढे होती. जीपच्या गिअरबॉक्सच्या मागे फोर-व्हीलची ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, असते. ती ठेवायची म्हणजे गिअरबॉक्स जीपचाच ठेवावा लागतो. इंजिन ट्रॅक्टरचे आणि गिअरबॉक्स जीपचा. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, क्लच जुळत नाही, शाफ्टचे टोक जुळत नाही. सोयरीक जमवायची ती लेथवाल्याने.

ते काम मी तेव्हा शिकत होतो. आधी इंजिनाच्या पाठीला ग्रीस चोपडून त्यावर खाकी पुठ्ठा दाबायचा, म्हणजे बोल्टांच्या भोकांचा ठसा उठतो. दुसरा ठसा बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाचा. दोन्ही एकावर एक ठेवून मध्ये बसेल अशी लोखंडी प्लेट कापायची. इथपर्यंत कोणीही करेल. खरी गोम मध्यबिंदूत आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे नाक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) शेपटीतल्या एका छोट्या बुशमध्ये फिरते. दोन्हींची मध्यरेषा एकच हवी. म्हणून क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, डायल गेज हे बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप बसवायचे, त्याचे बोट बेल हाउसिंगच्या आतल्या गोलाईला टेकवायचे आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. काटा पाच थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतकाच हलला पाहिजे. त्या जीपला तो पहिल्यांदा बावीस थाऊ हलला. प्लेट पुन्हा सैल केली, लाकडी हातोडीने ठोकली, पुन्हा फिरवले. सकाळी नऊला सुरू केलेले संध्याकाळी दिवे लागले तरी चालूच. मी म्हटले, आता चालतंय की. आमचे मेस्त्री बिडी विझवत म्हणाले, "पोरा, तुला आज चालतंय. म्हैन्याभरानं मामा क्लच प्लेट हातात घिऊन येतील, तवा कुठं पळशील?" रात्री काटा चारावर आला. मगच पिना ठोकल्या. शाफ्टच्या नाकासाठी गनमेटलचा बुश मी स्वतः टर्न केला. पुढचा बोजा वाढला म्हणून पुढच्या कमानपाट्यात एक पान जास्त घातले.

जीप मग धावली, पण धावली म्हणजे काय? ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर गेले की बोंबलायचे. मागच्या अॅक्सलचे प्रमाण 5.38 ला 1. टॉपमध्ये टाकून हिशेब केला तर ताशी पन्नासच्या आसपास सगळा खेळ संपतो. मामा म्हणायचे, पन्नासच्या वर कुठे जायचंय, कारखान्यावर उसाची पावती तर आणायची! लिटरमागे अंतर मात्र जवळपास दुप्पट झाले. जीप पुढची तीसेक वर्षे कामाला आली.

आता मुद्द्याचे सांगतो. हा बदल चोरून झालेला नाही. जुन्या 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली रीतसर अर्ज झाला, निरीक्षकाने गाडी पाहिली, आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढला. 'पेट्रोल'वर रेघ, शेजारी 'डिझेल', वर गोल शिक्का. ते पान आजही मामेभावाकडे आहे.

जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिली नोंदणी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. शुल्क वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. गाडी मेळाव्याला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. नियम चांगला आहे. तोवर या गाड्यांना भंगार आणि रोजची मोटार यांच्यामध्ये कायद्याने जागाच नव्हती. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मामेभाऊ आरसी बुक घेऊन एका कार्यालयात गेला. खिडकीपलीकडच्या साहेबांनी तेच पान उघडले, त्यांच्याच खात्याच्या शिक्क्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे बघा, इथेच लिहिलंय की इंजिन बदललंय." सरकारने मान्य केलेला बदलच सरकारदरबारी अपात्रतेचा पुरावा झाला. गंमत अशी की ज्याने 1981 मध्ये काहीही न नोंदवता इंजिन बदलले आणि मागच्या वर्षी कुर्ल्याच्या भंगारातून एक हरिकेन आणून परत बसवले, त्याचे आरसी बुक स्वच्छ आहे.

आणि 'मूळ' म्हणजे तरी काय? आपल्याकडच्या कंपन्यांनी आयुष्यभर दुसरे काय केले? अँबॅसिडरचे अंग इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे. पुढे नव्वदीत तिच्यात जपानी इसुझूचे 1800 सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घातला. कॉन्टेसाचे अंग व्हॉक्सहॉलचे. 1984 मध्ये ती आली तेव्हा बॉनेटखाली अँबॅसिडरचेच 1489 सीसीचे इंजिन. एवढी लांबलचक गाडी घाटात बैलगाडीच्या मागे लागायची, शेवटी तिलाही इसुझू द्यावे लागले. प्रीमिअर 118 एनई म्हणजे फियाट 124 चे अंग आणि निसानचे ए-12 इंजिन. सगळ्यांवर कडी केली मद्रासच्या स्टँडर्डने. 1985 मध्ये रोव्हर एसडी-1 सारखी देखणी बॉडी आणली आणि आत बसवले आपल्याच जुन्या व्हॅनगार्ड मोटारीच्या काळातले दोन लिटरचे इंजिन. खुद्द महिंद्राने हेच 2350 सीसीचे ट्रॅक्टरवंशी इंजिन आपल्या सीजे-500डी जीपमध्ये दिले, नंतर प्यूजोचे 2112 सीसीचे. म्हणजे मामांच्या जीपमध्ये आमच्या मेस्त्रींनी जे केले तेच कंपनीनेही केले. कंपनीने केले की माहितीपत्रक छापतात. आम्ही केले की 'दुर्दैवाने'.

प्रीमिअर पद्मिनीचेही तेच. 1089 सीसीचे इंजिन आणि स्टेअरिंगवरचा गिअर चालवून कंटाळलेले हौशी लोक 118 एनईचे निसान इंजिन गिअरबॉक्ससकट पद्मिनीत बसवून घेत. घर एकाच कंपनीचे, त्यामुळे भाऊबंदकी कमी. तरी गाडीच्या तळातला उंचवटा, टनेल, कापावा लागे आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागे. ती लांबी माझ्याच लेथवर कमी-जास्त होई. अशा कित्येक पद्मिन्या केवळ त्या इंजिनामुळे भंगारात गेल्या नाहीत.

सगळेच बदल असे सचोटीचे होते, असे मी म्हणणार नाही. माझ्या एका मित्राने पेट्रोल सेडानमध्ये परदेशातून भंगार म्हणून आलेले डिझेल इंजिन बसवून घेतले. गॅरेजचे नाव घेत नाही. आता ते बंद आहे. गाडीच्या ब्रेकला बूस्टर होता. तो व्हॅक्यूमवर चालतो, आणि पेट्रोल इंजिनात तो व्हॅक्यूम आपोआप मिळतो. डिझेलमध्ये मिळत नाही, वेगळा पंप लावावा लागतो. पंप कोणी लावलाच नाही. पहिले चार दिवस गावात काही कळले नाही. पाचव्या दिवशी करूळ घाटात पेडल दगडासारखे झाले. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत त्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून तो आज माझ्याबरोबर चहा पितो. शिवाय कोणत्या इंजिनाचा मूळ मालक कोण, याचा पत्ता नसलेली इंजिनेही बाजारात फिरत होतीच. त्यामुळे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे फेरबदलांबाबतचे कलम 52 कडक आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे बजावले, याला माझी तक्रार नाही. आज कोणी नवे इंजिन कोंबून रस्त्यावर उतरत असेल तर त्याला अडवलेच पाहिजे.

तक्रार आहे ती जुन्याला नव्याच्या मापाने मोजण्याची. जुन्या मोटारींची 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना गाड्यांची प्रतवारी करते तेव्हा त्या गाडीच्या काळातच झालेल्या बदलांना वेगळा वर्ग देते आणि नंतर केलेल्या बदलांना वेगळा. आपल्याकडेही एवढे करता येईल. ज्या गाडीतला बदल तिच्या उमेदीच्या काळात झाला आणि तेव्हाच आरसी बुकात चढला, तिला विंटेज नोंदणी द्यावी. हवे तर पाटीवर किंवा दाखल्यावर 'काळानुरूप बदल' अशी खूण असू दे. ब्रेक, स्टेअरिंग, इंधनाच्या नळ्या यांची तपासणी दुप्पट कडक करा. आमची ना नाही. उलट ती तपासणी कशी करायची हे सांगायला अजून दोन-चार म्हातारे मेस्त्री हयात आहेत, त्यांना बोलवा.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या मेळाव्यात अशी जीप दिसली तर बॉनेट उघडायला सांगा आणि ती प्लेट पाहा. कोणी कापली, कधी कापली, विचारा.

मामांच्या जीपच्या प्लेटचा तो खाकी पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. ग्रीसचे डाग वाळून काळे पडलेत, कडेला पेन्सिलीने '22' लिहून खोडलेय आणि खाली '4'. परिवहन खात्याला बघायचा असेल तर आरसी बुकाच्या पानासोबत मी स्वतः घेऊन येईन. सकाळी अकरानंतरची वेळ द्यावी, आता जिना चढायला वेळ लागतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
उद्यमनगर, कोल्हापूर