कारखान्यांचा आवाज मोजायचा कुठे? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

व्यवसाय आणि कारखाने यांच्या आवाजाची मर्यादा ठरवताना जितका विचार होतो, तितका तो आवाज कुठे, केव्हा आणि कसा मोजायचा याचा होत नाही, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

डेसिबलची बेरीज साधी नसते. दोन कारखान्यांचा प्रत्येकी ५५ डेसिबल आवाज एकाच घरापाशी पोहोचला, तर तिथे ५८ डेसिबल होतात. मात्र परवाने आणि तपासण्या वेगवेगळ्या असल्याने, मर्यादा ५५ची असेल तर दोघेही निर्दोष ठरतात. सरासरीचेही तसेच. रात्री लोखंडी माल उतरवताना मिनिटभर ७५ डेसिबलचा खडखडाट झाला, तर आठ तासांच्या सरासरीत त्याचे जेमतेम ४८ उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी सततच्या आवाजाला ३० आणि अचानक होणाऱ्या एकेका आवाजाला ४५ डेसिबल अशी दोन वेगळी मूल्ये दिली आहेत.

मी काही वर्षे एका शीतगृहाशेजारी राहत होतो. रात्री कंप्रेसर सुरू झाला की खिडकीची काच बारीक थरथरे, आणि कान उशीत खुपसला तर घुमणे उलट वाढल्यासारखे वाटे. तपासणी झाली ती सकाळी अकराला, शीतगृहाच्या फाटकापाशी, रस्त्यावर वाहतूक ऐन भरात असताना. शिवाय ध्वनिमापक 'ए' भारांकनावर, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार खालच्या पट्टीतले आवाज कमी धरणाऱ्या मोजपद्धतीवर होता, जी १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करते. आमची तक्रार तर नेमकी खालच्या पट्टीतल्या आवाजाची होती. अहवालात 'मर्यादेत' असा शेरा आला, आणि तो खोटाही नव्हता.

म्हणून विनंती अशी की, मोजणी तक्रारदाराच्या खिडकीबाहेर आणि तक्रारीच्याच वेळी व्हावी, यंत्र बंद असतानाची पातळीही नोंदवली जावी, आणि नवा परवाना देताना आसपासच्या सर्व यंत्रांचा आवाज एकत्र धरावा. ब्रिटनमधील ४१४२ क्रमांकाचे मानक परिसरातील मूळ आवाजाशी अशीच तुलना करते आणि एकसुरी किंवा ठोके देणाऱ्या आवाजाला जादा डेसिबल जोडते.

यात उद्योजकांवर अन्याय होऊ नये, हेही खरे. कारखाना आधीपासून असेल आणि घरे नंतर बांधली गेली असतील, तर ध्वनिरोधक बांधकामाचा खर्च घरे बांधणाऱ्याने सोसावा. एरवी पुष्कळदा यंत्राखालच्या रबरी गाद्या किंवा माल उतरवण्याची बदललेली वेळ एवढ्यानेही काम भागते. परंतु त्यासाठी आधी तो त्रास अहवालात उमटायला हवा.

आपला,
एक नागरिक