ध्वनिफितीवर काय संस्कार केले, ते वेष्टनावर छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या १९७५ सालच्या लॉस एंजेलिस येथील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आता अधिकृतपणे प्रकाशित झाले असून, आपल्या रविवार पुरवणीतील त्याच्या परीक्षणानंतर वाचकांच्या पत्रव्यवहारात बराच वाद रंगला. एका पक्षाचे म्हणणे असे की, प्रेक्षागृहात बसून चोरून टिपलेला आवाज पूर्ण किंमत लावून विकणे ही चाहत्यांच्या भाबडेपणाची परीक्षा आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, त्या रात्रीचे वादन इतके असामान्य आहे की आवाजाबद्दल कुरकुर करणे हाच कृतघ्नपणा आहे. दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांचे संगीतप्रेम निःसंशय खरे आहे. परंतु आपण ऐकतो ती फीत कोणी आणि कुठे बसून टिपली, ती किती हातांतून गेली आणि आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी तिच्यावर कोणकोणते संस्कार झाले, या मूळ प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. त्याचे उत्तर हाती नसेल, तर 'चांगले' काय आणि 'वाईट' काय, दोन्ही शेरे निराधार ठरतात.

प्रस्तुत ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हे उत्तर सुदैवाने उपलब्ध आहे. २६ एप्रिल १९७५ रोजी स्पोर्ट्स अरीनामध्ये झालेला हा कार्यक्रम माइक मिलार्ड या श्रोत्याने टिपला. हा गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात शिरत असे आणि त्या खुर्चीत नाकामिची ५५० हे कॅसेट रेकॉर्डर दडवलेले असे. त्याने वापरलेले एकेजी कंपनीचे मायक्रोफोन उत्तम प्रतीचे होते आणि त्याची जागा निवडण्याची हातोटी तर वादातीत होती. पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' हा गीतसंच (अल्बम) त्या वेळी बाजारात यायचा होता, तो सप्टेंबरमध्ये आला. म्हणजे त्या रात्री समोर बसलेले हजारो लोक त्यातील रचना रेकॉर्डवर येण्याआधीच ऐकत होते. पुढे १९७७ च्या संचात नव्या नावांनी आलेल्या दोन रचनाही त्यांनी त्या रात्री कच्च्या रूपात ऐकल्या. त्या दौऱ्याचे बहुपदरी, म्हणजे प्रत्येक वाद्य स्वतंत्र पदरावर घेतलेले, ध्वनिमुद्रण आजवर बाहेर आलेले नाही. त्यामुळे मिलार्डच्या कॅसेटवर संगीतकार व ध्वनितंत्रज्ञ स्टीव्हन विल्सन यांनी काम केले आणि ती 'विश यू वेअर हिअर'च्या सुवर्णमहोत्सवी संचात २०२५ मध्ये समाविष्ट झाली. ज्यांना ती स्टुडिओतल्या रेकॉर्डसारखी वाजावी असे वाटते, ते नसलेल्या गोष्टीची अपेक्षा करीत आहेत. आणि ज्यांना ती निर्दोष वाटते, त्यांनी सभागृहाचा घुमारा आणि आजूबाजूची कुजबुज यांकडे डोळेझाक केली आहे.

फितीचा प्रकार कळला की वादाचा निम्मा भाग आपोआप मिटतो, असा माझा अनुभव आहे. साउंडबोर्डवरून, म्हणजे सभागृहातील ध्वनिवर्धकांचा आवाज सांभाळणाऱ्या फलकावरून, घेतलेल्या फितीत गायकाचा आवाज अगदी कानाशी येतो, पण लहान सभागृहात गिटारचे ॲम्प्लिफायर स्वतःच एवढे मोठे वाजत असतात की ध्वनिवर्धकांतून त्यांना फारशी मदत द्यावी लागत नाही; परिणामी साउंडबोर्डच्या फितीत गिटार केविलवाणी होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की वादकाचाच हात त्या दिवशी चालत नव्हता. प्रेक्षागृहातून टिपलेल्या फितीत वाद्यांचा तोल खरा असतो, पण छत, भिंती आणि शेजारचा टाळ्या पिटणारा प्रेक्षक हेही वाद्यवृंदात सामील होतात. बहुपदरी फीत सर्वांत श्रीमंत खरी, मात्र नंतर स्टुडिओत बसून गायन पुन्हा गाण्याची, चुकलेला सूर बदलण्याची आणि दोन रात्री जोडून एक करण्याची सोयही तीच करून देते.

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाच्या ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाची कहाणी या दृष्टीने मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या महिला तंत्रज्ञाने तो टिपला, आणि तोही सभागृहातील ध्वनिवर्धकांसाठी केलेल्या मिश्रणावर (वाद्यांच्या आवाजांच्या जुळणीवर) विसंबून न राहता, केवळ फितीसाठी वेगळे मिश्रण करून. पुढे तिच्या फिती ज्या गाळ्यात ठेवल्या होत्या त्याचे भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. नंतर चाहत्यांनी एकमेकांना उतरवून दिलेल्या प्रतींमधून हा कार्यक्रम जगभर पसरला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तो दाखल झाला तेव्हाही त्याचे अधिकृत प्रकाशन झालेले नव्हते. ते २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी झाले. त्या प्रकाशनासाठी फितीच्या वेगातील चढउतार दुरुस्त करण्यात आले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी फितीवर उमटणारा, कानाला न ऐकू येणारा बायस संकेत शोधायचा आणि त्याच्या आधारे क्षणाक्षणाचा वेग ताळ्यावर आणायचा, अशी ही पद्धत आहे. येथे चाहत्यांत तट पडले. वर्षानुवर्षे जुनी प्रत ऐकलेल्यांना नवी प्रत 'परकी' वाटली, तर काहींना पियानोचे सूर प्रथमच स्थिर ऐकू आले.

वेगाचा हा मुद्दा पुण्यातील वाचकांना तरी समजावून सांगावा लागू नये. फितीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की हार्मोनियमच्या काळी एक पट्टीतले गाणे थेट शेजारच्या पांढरी दोनमध्ये जाते. तंबोरा जुळवताना तारेच्या केसभर फरकाने अस्वस्थ होणारे जे कानसेन या शहरात आहेत, त्यांनी रॉकच्या फितींबाबत मात्र 'एवढे काय त्यात' म्हणावे, हे मला कधीच पटलेले नाही. रॉकची गिटारही सुरात लावावी लागते आणि ढोलकाचा ठेकाही वेग बदलला की आपले वजन गमावतो.

प्रामाणिकपणाचा विचार करताना 'द हू' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या लीड्स विद्यापीठातील १४ फेब्रुवारी १९७० च्या कार्यक्रमाचे उदाहरण आठवते. त्याची मूळ रेकॉर्ड निघाली तेव्हा ध्वनिमुद्रणात तडतड राहिली होती. ती लपविण्याऐवजी रेकॉर्डच्या लेबलावरच लिहिले गेले की तडतड चालेल, ती दुरुस्त करू नये. ग्राहकाला त्याचा रेकॉर्ड प्लेयर बिघडला नाही, हे एका ओळीत कळले. १९९५ च्या वाढीव सीडीमध्ये संगणकाच्या साहाय्याने ही तडतड काढण्यात आली. लीड्सच्या दुसऱ्या दिवशी हल शहरात झालेल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काही गाण्यांत बास गिटार फितीवर आलेलीच नव्हती. २०१० मध्ये ते ध्वनिमुद्रण बाहेर आले तेव्हा लीड्सच्या फितीतील बास तेथे बसविण्यात आली आणि ती गोष्ट उघडपणे सांगितली गेली. हलची ती गाणी म्हणजे दोन रात्रींचे कलम आहे. ते मला मान्य आहे, कारण मला ते ठाऊक आहे. हेच कलम गुपचूप केले असते, तर मी त्याला फसवणूक म्हटले असते.

सध्याच्या प्रकाशनांत सर्वाधिक नुकसान होते ते दोन कारणांनी, आणि दोन्ही वेष्टनावर क्वचितच नोंदविलेली असतात. पहिले कारण म्हणजे हिस, म्हणजे फितीची सततची सळसळ, काढण्याचा अतिरेक. कॅसेटचा हिस आणि झांजेचा शेवटचा झणत्कार हे दोन्ही वरच्या कंपनसंख्यांत राहतात. हिस समूळ काढू गेले की झांजही सोबत जाते आणि तिच्या जागी पाण्याखालून यावा तसा घुसमटलेला आवाज उरतो. दुसरे कारण म्हणजे आवाजाची पातळी सर्वत्र सारखीच चढवून ठेवणे, ज्यामुळे गायकाचे कुजबुजणे आणि पूर्ण वाद्यवृंदाचा गजर एकाच उंचीवर येतात. अर्ध्या तासाने कान थकतात आणि ऐकणारा नकळत आवाज कमी करतो.

कोथरूडमध्ये आम्हा काही मंडळींच्या नियमित श्रवणसत्रात असे एक जुने ध्वनिमुद्रण दोन रूपांत लागोपाठ ऐकण्यात आले. पहिल्या फेरीत जवळजवळ सर्वांनी नव्या प्रतीला कौल दिला. मग एका अभियंता मित्राने मीटर लावून दोन्हींची पातळी समान केली, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा आवाज कानाला हमखास अधिक चांगला वाटतो. दुसऱ्या फेरीत मते बदलली: जुन्या प्रतीत स्नेअर ड्रमवर काठी पडल्यानंतर सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा पुसटसा पडसाद ऐकू येत होता, आणि नव्या प्रतीत तो हिसाबरोबर पुसला गेला होता. त्या पडसादावरूनच सभागृह किती मोठे होते हे कळत असे. फोनच्या स्पीकरवर दहा सेकंदांचा तुकडा ऐकून शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांनी एकदा तरी असा प्रयोग करून पाहावा.

'शेवटी महत्त्व संगीताला, फितीला नव्हे', हा आक्षेप आपल्या एका पत्रलेखकाने घेतला आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने १९७२ मध्ये कॅसेटवर टिपलेल्या कार्यक्रमांचा संच काढला तेव्हा त्यांच्या अमेरिकेतील कंपनीने आवाजाच्या दर्जावरून तो प्रसिद्ध करण्यास नकार दिला. आज त्याच संचातील उग्रपणावर जीव टाकणारे श्रोते मला माहीत आहेत आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे. म्हणून माझा आग्रह निर्मळ आवाजाचा नाही. खरखरीत फीत खरखरीत म्हणून विकावी, जोडलेली फीत जोडलेली म्हणून विकावी. बॉब डिलन यांचा मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील १७ मे १९६६ चा कार्यक्रम बेकायदा रेकॉर्डींवर वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत राहिला. १९९८ च्या अधिकृत प्रकाशनाने ते रूढ नाव अवतरणचिन्हांत ठेवले, पण ठिकाण खरे सांगितले. चाहत्यांच्या आठवणीचा मान राखूनही वस्तुस्थिती छापता येते, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

पुण्यात हा प्रश्न उद्या रॉकपुरता राहणार नाही. या शहरातील कपाटांत, माळ्यांवर आणि ट्रंकांत खासगी मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटी पडून आहेत. कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊसने हिंदुस्थानी संगीतातील असे कितीतरी धन रसिकांपुढे आणले. ज्या घरांत अशा फिती आहेत, त्यांनी त्या संगणकावर उतरवताना मूळ रूपातील एक प्रत कोणतीही सफाई न करता जपून ठेवावी आणि डबीवरील हस्ताक्षरातील तारीख, स्थळ व यंत्राचे नाव यांचा फोटो तिच्यासोबत ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सफाईचे तंत्र दर काही वर्षांनी सुधारते. बीटल्सचे १९६४ आणि १९६५ मधील हॉलिवूड बोलचे कार्यक्रम तीन पदरांवर टिपलेले होते आणि किंकाळ्यांत बुडालेले होते. १९७७ च्या रेकॉर्डवर जे शक्य झाले नाही, ते २०१६ मध्ये आवाज वेगळे करण्याच्या नव्या पद्धतीने बऱ्याच अंशी साधले. मूळ फिती जपलेल्या होत्या म्हणूनच ते साधले.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी मर्यादित आहे. जुन्या कार्यक्रमाच्या प्रत्येक नव्या प्रकाशनाच्या परीक्षणाखाली चार ओळींची चौकट असावी: ध्वनिमुद्रणाची तारीख व स्थळ, फितीचा प्रकार, ती मूळ आहे की उतरवलेली, आणि तिच्यावर केलेल्या दुरुस्त्या. प्रकाशकाने यांपैकी जे सांगितले नसेल, तेथे 'प्रकाशकाने नमूद केलेले नाही' असे स्पष्ट छापावे. परीक्षकांनी आपण कोणत्या यंत्रणेवर ऐकले हेही सांगितले, तर आम्हा वाचकांना त्यांच्या मताचे वजन ठरविणे सोपे जाईल. ही चौकट पुढील रविवारपासून सुरू करता येण्याजोगी आहे आणि तिच्यासाठी लागणारी माहिती गोळा करण्यास आमच्या श्रवणमंडळातील सभासद आनंदाने साहाय्य करतील.

आपला विश्वासू,
एक वाचक,
एरंडवणे, पुणे