आत्याने सांगितले तेवढेच सांगू या

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यासाठी बार्शीची आणि अक्कलकोटची मंडळी यंदाही आपल्याकडे उतरणार आहेत. त्यांना आत्याकडे नेले नाही तर त्यांना काय वाटेल, ही बाबांची काळजी परवा फोनवर जाणवली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आत्याने केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले आहे की, उपचार पूर्ण होईपर्यंत आजाराचे नाव आपल्या दोन घरांबाहेर जाऊ नये आणि तिने बोलावल्याशिवाय कोणी भेटायला येऊ नये. बाबा, हे तुम्हाला जड जाते, कारण आपल्याकडे आजारी माणसाच्या चौकशीला जाणे ही माणुसकी मानतात, आणि ती आहेच. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा शेजारच्या विणकरांच्या घरून आलेल्या डब्यांनी आपल्याला किती आधार दिला, हे मी विसरलेले नाही. परंतु आजोबांना माणसे हवी होती आणि आत्याला सध्या ती नको आहेत. तिने आयुष्यभर सोलापुरात शिकवले. नव्या पेठेत निघाली तर कोणी ना कोणी विद्यार्थी ‘बाई’ म्हणत पाया पडतो. अशा ओळखीच्या प्रत्येकासमोर केस गेलेल्या डोक्याने बसायचे, तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची आणि समोरच्याचे डोळे भरून आले की उलट त्याचीच समजूत काढायची, एवढे त्राण तिच्यात आज नाही.

त्यात डोस झाल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संक्रांत नेमकी त्याच दिवसांत येते. यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीतून आलेल्या पाहुण्याचा साधा सर्दी-खोकलाही तिला महागात पडू शकतो. पण पाहुण्यांना एवढेच कारण सांगून मोकळे होऊ नये, असे मला वाटते. पेशी पुरेशा असत्या तरीही तिचा शब्द पाळायलाच हवा होता.

बाबा, रुग्णालयातील ओळखीच्या गृहस्थांकडून तिचे रिपोर्ट परस्पर समजून घेण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने दिला आहे. मला त्याहून मोठी भीती वेगळीच आहे: हे तिला कळले, तर आज ती तुम्हाला जे मनापासून सांगते तेही सांगणे बंद करील.

आई, हळदीकुंकवाला बायका तुला नक्की विचारतील. खोटे बोलावे लागू नये म्हणून आत्याशी बोलून एक वाक्य ठरवले आहे: ‘त्या सध्या विश्रांती घेत आहेत, तुमचा निरोप त्यांना देते.’ पुढे कोणी खोदून विचारले तरी हेच पुन्हा सांग. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्याविषयी काहीच लिहू नये, ‘प्रार्थना करा’ एवढेसुद्धा नाही. कोणी काढा किंवा चूर्ण दिले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. औषधांशी त्याचा विपरीत संबंध येऊ शकतो.

मात्र एका बाबतीत गुप्ततेचा संकोच धरायचा नाही. ताप १००.४ अंशांपर्यंत गेला किंवा थंडी वाजून आली, तर वेळ रात्रीची असली तरी डॉक्टरांना लगेच कळवायचे. हे आत्यालाही मान्य आहे. तपासणीच्या दिवशी बाबांनी सोबत यावे आणि आईने मऊ भात व वरण पाठवावे, हेही तिने स्वतःहून सुचवले आहे.

बार्शीच्या काकांना मात्र तिकडून निघण्यापूर्वीच बाबांनी फोन करावा. थोरल्या भावाने सांगितले म्हणजे ते ऐकतील. दारात आल्यावर त्यांना अडवणे आईला जमणार नाही आणि आत्यालाही नाही.

तुमची लेक