पॅनेल बदलण्याआधी टॉर्च लावून पाहा

संपादक महोदय,

टीव्हीचा आवाज येतो पण पडदा काळा, ही तक्रार घेऊन गेलं की पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘पॅनेल गेलं, आता नवाच घ्या.’ पॅनेलची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेची, किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते, म्हणून गिऱ्हाईक तिथेच हात टेकतं. या लक्षणात पॅनेल मात्र सहसा शाबूत असतं. गेलेला असतो तो बॅकलाइट, म्हणजे काचेमागचा दिवा. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो बहुधा एलसीडीच असतो, आणि एलसीडीच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. तो एलईडीच्या पट्ट्यांमधून येतो.

याची खात्री घरीच होते. खोलीत अंधार करून टीव्ही चालू ठेवा आणि पडद्याजवळ टॉर्च तिरपा धरा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल ठीक आहे. टीव्ही लावताच क्षणभर उजेड येऊन विझत असेल, तरी आधी बॅकलाइटच तपासून घ्यावा.

३२ इंची टीव्हीत साधारण दोन किंवा तीन पट्ट्या असतात. एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असल्याने एक उडाला की अख्खी माळ विझते. उडालेला एकच बदलला तर काम स्वस्तात होतं, पण बाकीचेही तितकेच तास तापलेले असतात. थोड्याच दिवसांत दुसरा जातो. म्हणून पूर्ण संच बदलणंच योग्य, आणि ३२ इंचीसाठी तो काही शे रुपयांत मिळतो. संच निवडताना नुसते इंच सांगून भागत नाही. पट्टीची लांबी, एलईडींची संख्या, ते ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे आणि वरचं भिंग, हे सगळं जुळलं पाहिजे. भिंग निसटलं की पडद्यावर पांढरा गोल डाग दिसतो, आणि लोक तोही पॅनेलचाच दोष समजतात. नव्या पट्ट्या टिकायला हव्या असतील तर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. एलईडी मरतात ते उष्णतेने.

हे काम हौसेने घरी करू नये. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्ट राहू शकतात. काच उचलताना तिला सिग्नल पोचवणाऱ्या कडेच्या पातळ फिल्मला जरा ताण बसला तरी चांगलं पॅनेल कायमचं जातं; मोठ्या टीव्हीची काच दोघांनीच उचलावी.

पडद्यावर तडा असेल, तर पॅनेलच बदलावं लागतं. उभ्या रेषा बहुधा त्या कडेच्या फिल्मच्या असतात. त्यांना बाँडिंगचं, म्हणजे फिल्म काचेला पुन्हा जोडणारं, मशीन लागतं आणि ती दुरुस्ती टिकेलच अशी हमी देता येत नाही. कोकणातल्या दमट हवेत केबलचे कनेक्टर गंजूनही चित्र बिघडतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने सफाई आधी करून पाहावी.

आता दिवाळीची साफसफाई निघेल. कृपा करून पडद्यावर पाणी किंवा कोलीन थेट फवारू नका. ओघळ खालच्या कडेला उतरतो, आत झिरपतो आणि फिल्म जाळतो. टीव्ही बंद करून मऊ, जेमतेम ओलसर कापडाने पुसावं.

आणि दुरुस्तीनंतर काढलेला जुना भाग मागून घ्यावा. बिलावर ‘पॅनेल बदललं’ असं असेल, तर जुनं पॅनेल दाखवता आलंच पाहिजे.

— टीव्ही दुरुस्ती करणारे काही कारागीर